दारातली ती

दुरुस्तीबाईंनी त्या चित्रातलं दार पुसायला घेतलं तेव्हा दारात कुणी उभं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुरुस्तीबाई हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. संग्रहालयाच्या कागदपत्रांत त्यांच्या हुद्द्याला चांगलं लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेलं नाव होतं. ते म्हणताना शिपायांची जीभ अडखळायची, म्हणून कुणीतरी एकदा दुरुस्तीबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडक्या असलेल्या मोठ्या खोलीत त्या सोळा वर्षं जुनी चित्रं साफ करत होत्या. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, निथळवायचा आणि नखाएवढी जागा हलक्या हाताने पुसायची. मग भिंगातून बघायचं. मग शेजारची नखाएवढी जागा. दिवसभरात तळहाताएवढं काम झालं तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

ज्यांच्याकडे त्या हे काम शिकल्या, त्या म्हाताऱ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चित्र म्हणजे चार गोष्टी: कापड, कापडावरचं अस्तर, रंग आणि वर वॉर्निश. पाचवं जे काही तुम्हाला दिसतं ते तुम्ही घरून आणलेलं असतं, ते बाहेर खुंटीला अडकवून आत या. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की नातेवाईक कौतुकाने एखादं चित्र दाखवायला लागले, तरी त्यांची नजर आधी कडेच्या पोपड्यांवर जायची.

त्या वर्षी त्यांच्याकडे 'दुपार' आलं. संग्रहालयातलं सगळ्यांच्या आवडीचं चित्र. काढणारा जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. एक साधी खोली, टेबल, टेबलावर कापड, मागे सरकवलेली एक खुर्ची आणि उजवीकडे अर्धवट उघडं दार. दारापलीकडे अंधार. बस, एवढंच. वॉर्निश जुनं होऊन चहासारखं झालं होतं, म्हणून संचालकांनी ते साफ करायचं ठरवलं.

काम डावीकडून सुरू झालं. इतकी वर्षं हिरवं वाटणारं टेबलावरचं कापड निळं निघालं. भिंत पिवळट नव्हती, पांढरी होती. दोन महिन्यांनी बाई दारापाशी पोचल्या. तिथे तपकिरी थर बाकीच्या चित्रापेक्षा जाड होता. त्यांनी थर वेगळे दाखवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली तपासलं. कधीकाळी कुणीतरी वॉर्निश घाईने लावलं होतं, त्याचे ओघळ उतरले होते आणि ओघळांवर काजळी बसली होती. त्या थराखाली चित्रकाराने दारात अंधार काढलेलाच नव्हता. पलीकडच्या खोलीची करडी भिंत होती आणि जमिनीवर उन्हाचा एक पट्टा. बाईंनी नियमाप्रमाणे नोंद केली, फोटो घेतले आणि खालून वर पुसायला सुरुवात केली. दोन दिवसांत अर्धं दार मोकळं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा वर आले.

मामा म्हणजे चार नंबरच्या दालनातले पहारेकरी. शाळेच्या सहलीतल्या प्रत्येक पोराला ते 'भाच्या, हात मागे' म्हणायचे, म्हणून जगाचे मामा झाले होते. बावीस वर्षं त्यांची खुर्ची 'दुपार'च्या समोर होती. जिना चढून ते कधी वर आले नव्हते. त्या दिवशी ते एवढंच विचारायला आले होते की चित्र परत कधी येणार, कारण दात पडल्यासारखी भिंत दिसते आणि येणारा प्रत्येक माणूस त्यांनाच जाब विचारतो.

बोलता बोलता त्यांचं लक्ष लाकडी घोडीवर लावलेल्या चित्राकडे गेलं आणि ते दाराशीच थांबले.  मग म्हणाले, "बाई, तिचे पाय कुठे गेले?"

बाईंना वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. त्यांनी वळूनही पाहिलं. मग मामांनी समजावून सांगितलं. दारात एक बाई उभी असते. एक हात चौकटीवर, मान जराशी खाली. बाहेर यायचं की नाही अशा विचारात असल्यासारखी. बावीस वर्षं ती तशीच उभी आहे.

बाई हसल्या नाहीत, एवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं. त्यांनी मामांना वॉर्निश, ओघळ, काजळी सगळं सांगितलं. जांभळा दिवा लावून दाखवला. मामांनी ते डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग म्हणाले की दिव्यातलं मला कळत नाही, पण तुम्ही जवळून बघताय. जरा इकडे या, जिन्याच्या दाराशी, मी उभा आहे तिथे. आणि दाराकडे बघू नका. खुर्चीच्या पाठीकडे बघा.

बाई गेल्या, त्यांचं मन राखायला म्हणून. घोडीपासून बारा पावलं. खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं.

आणि दारात ती होती. चौकटीवर टेकलेला हात, खांदा, वाकलेली मान. कमरेपर्यंत होती. कमरेखाली स्वच्छ करडी भिंत आणि ऊन.

"दिसली?" मामांनी विचारलं.

"दिसली."

मामांनी मान हलवली आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. 

पुढचा आठवडा बाईंनी दाराला हात लावला नाही. खालच्या कोपऱ्यात काहीबाही करत राहिल्या. अधूनमधून उठून जिन्याच्या दाराशी जायच्या, तिथून बघायच्या, परत यायच्या. एकदा दिसायला लागल्यावर ती आता दिसायची थांबेना. जवळ गेलं की तपकिरी थर. बारा पावलं मागे आलं की ती. आपण पुसलं ते नक्की काय पुसलं, हे कळायला त्यांना त्या बारा पावलांत कुठे उभं राहायचं तेच ठरवता येईना.

त्यांनी संग्रहालयाच्या दप्तरातून चित्राचे जुने फोटो काढले. साठ वर्षांत चार वेळा फोटो घेतले होते. पहिल्यात दाराच्या कडेला नुसता एक डाग होता. दुसऱ्यात डाग लांबला होता. तिसऱ्यात, माहीत असेल तर, खांदा दिसत होता. चौथ्यात ती पुरी होती. म्हणजे कुणी काढलेली नसताना ती दारात हळूहळू आली होती.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं करून लोकांना विचारलं. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, आहे की बाई, पण ती बाहेर येत नाही, आत चाललीय, पाठ आहे आपल्याकडे. तिकीट देणाऱ्या कारकुनाला तिथे काठी घेतलेला म्हातारा दिसायचा. त्याला वाटायचं की म्हातारा सगळ्यांनाच दिसतो, म्हणून तो स्वतः कधी बोलला नव्हता. संचालकांना मात्र तिथे काहीच दिसत नसे. त्यांनी या चित्रावर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं, रिकामेपणाबद्दल. त्यातली दोन पानं दारापलीकडच्या अंधाराच्या गहिरेपणावर होती. तो अंधार म्हणजे काजळी होती, हे बाईंनी सांगितल्यावर ते म्हणाले की नव्या आवृत्तीत ती पानं काढू.

बाईंनी त्यांना विचारलं, उरलेला अर्धा भाग तसाच ठेवला तर? संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की अर्धवट पुसलेला डाग हे कुणाचंच चित्र नाही. चित्रकाराने दार रिकामं काढलं होतं. आपण त्यात कुणाला उभं ठेवलं तर भिंतीवर आपण कुणाचं काम लावतोय?

"पण ज्यांनी तिला पाहिलं त्यांचं काय?" बाई म्हणाल्या.

"ते त्यांचं पाहणं. ते काही आपल्याला खिळा ठोकून टांगता येत नाही."

 सोळा वर्षं बाई स्वतः हेच म्हणत आल्या होत्या.

मामा आणखी एकदा वर आले. या वेळी ते आधी स्टुलावर बसले, गुडघे चोळले. मग खालच्या आवाजात म्हणाले की तुमचा हात चांगला आहे, सगळे म्हणतात. तिचे पाय परत काढता येणार नाहीत का? कुणाला कळणार नाही. बाईंनी सांगितलं की ती लबाडी होईल. मामांनी लगेच मान डोलावली, जणू त्यांनाही ते माहीत होतं आणि विचारून पाहायचं तेवढं विचारलं.

उठता उठता त्यांनी घरचं सांगितलं. नोकरी लागली त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मामींना थट्टेत म्हटलं होतं की तिथे एक बाई दिवसभर माझ्याकडे टक लावून बघते. मामी भडकल्या, मग खरं कळल्यावर खूप हसल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी दार उघडलं की मामींचा पहिला प्रश्न ठरलेला, तुमची ती कशी आहे? आणि मामा सांगायचे. आज गर्दीने वैतागली होती. आज शाळेची पोरं आली, खुशीत होती. मामींचं कंबरेचं दुखणं जुनं, त्या जिना उतरून फारशा कुठे जात नसत. संग्रहालयात त्या एकदाही आल्या नव्हत्या. मूलबाळ नव्हतं.

"घरी काय सांगू?" मामा म्हणाले. बाईंकडे उत्तर मागत होते असं नाही. म्हणाले आणि गेले.

संग्रहालय बंद असायचं त्या वारी बाईंनी उरलेलं काम केलं.  आधी चौकटीवरचा हात गेला. मग खांदा. बोळे तपकिरी होऊन झाकणाच्या डब्यात पडत होते. प्रत्येक तुकडा पुसून झाला की त्या उठून बारा पावलं मागे जायच्या आणि बघायच्या. ती कमी कमी होत होती. शेवटी नुसती वाकलेली मान राहिली, खाली काही नसलेली, आणि ते बघवेना म्हणून त्यांनी ते घाईने संपवलं. एवढी घाई त्यांनी कुठल्याच चित्रावर केली नव्हती.

मग जिन्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. दार रिकामं होतं. पलीकडच्या भिंतीवर एक खिळा होता, त्या खिळ्याची बारीकशी सावलीसुद्धा चित्रकाराने काढली होती. उन्हाचा पट्टा जमिनीवरून येऊन उंबऱ्याशी मोडत होता. त्या उन्हासाठी त्या माणसाने किती दिवस घालवले असतील, हे बाईंना रंगाच्या थरांवरून कळत होतं. ते सगळं काजळीखाली गाडलं गेलं होतं, हाही अन्यायच होता. चित्र फार सुंदर होतं. हे त्यांना कबूल करावं लागलं, आणि कबूल केल्याने बरं वाटलं नाही.

चित्र परत भिंतीवर गेलं. वर्तमानपत्रांत छापून आलं, लोक रांगा लावून आले. मामांनी वीस दिवस आपली खुर्ची तिथेच ठेवली. एकविसाव्या दिवशी अर्ज देऊन नाण्यांच्या दालनात बदली मागून घेतली. तिथे कुणी फारसं जात नसे. पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात बाईंनी त्यांना फुलं दिली, दोघांनीही चित्राचा विषय काढला नाही.

बाईंनी मात्र एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. चित्र लागल्यावर त्या पहिल्यांदा खाली बघायला गेल्या, तेव्हा नकळत बारा पावलं मोजून उभ्या राहिल्या होत्या. खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं आणि दारात ती उभी होती. पुरी, पायांसकट. बाई झटकन चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. करडा रंग, त्यात पांढरा, एक बारीक तडा. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वच्छ केलेला. परत मागे आल्या. ती तिथेच. त्या दिवसापासून बाई चार नंबरच्या दालनातून जायचं टाळायला लागल्या. गेल्याच तर खाली बघून.

चित्र लागल्याला आठ महिने झाले असतील, तिकीट खिडकीवरून निरोप आला की कुणी बाई तुम्हाला विचारतायत. खाली काठी टेकून मामी उभ्या होत्या. शेजारणीला घेऊन गाडी करून आल्या होत्या. शेजारणीला त्यांनी बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, चित्रं नीट करतात त्या तुम्हीच ना, मला ते दाराचं चित्र दाखवा.

दोघी हळूहळू चालत गेल्या. वाटेत मामी सांगत होत्या. हे घरी बसल्यापासून बोलत नाहीत. खिडकीशी बसतात, समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, ती बघतात. मी सवयीने विचारते, तुमची ती कशी आहे, तर निवृत्त झाल्यावरही म्हणायचे, असेल बरी. गेल्या आठवड्यात म्हणाले, मला माहीत नाही. ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, आता स्वतःच जाऊन बघते, कोण आहे ती.

चित्रासमोर बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मामींनी चष्मा पुसला, घातला, बराच वेळ पाहिलं.

"कुठे आहे?"

बाईंनी सांगितलं. काहीही न लपवता, काजळीपासून बदलीपर्यंत. सांगताना स्वतःच्या शब्दांची त्यांना लाज वाटत होती, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मामी ऐकत राहिल्या. मग बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे नोकरीत होते तेव्हा पाच महिने रोज मला खोटं सांगत होते. आज अशी होती, आज तशी होती." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. "एकटेच होते म्हणा ना इतके दिवस."

मग त्या म्हणाल्या की ती कुठे असायची ते तरी दाखवा. बाई चित्राजवळ गेल्या आणि हवेत बोट फिरवून दाखवलं. इथे हात चौकटीवर. इथे खांदा. इथे मान. आणि इथे उंबऱ्यावर उभी.

"उभी?" मामी म्हणाल्या. "मला तर सांगायचे, बसलेली असते. तुझ्यासारखंच तिचं कंबरेचं दुखणं, म्हणायचे, म्हणून दिवसभर बसूनच असते."

बाईंचं बोट तसंच हवेत राहिलं.  मामी पुन्हा चित्राकडे बघायला लागल्या, आणि आता त्या कुठे बघतायत, चित्रातल्या दारात की खुर्चीत, ते चष्म्याच्या काचांवरून कळत नव्हतं.

निघताना मामींनी त्यांना घरी यायला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी बाई गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी वेताची खुर्ची, औषधांचा डबा, कपाटावर घडी करून ठेवलेला गणवेश. मामा उठून उभे राहिले, त्यांनी या बसा केलं, आणि तेवढ्या बोलण्यानेही मामींच्या चेहऱ्यावर फरक पडला. त्या चहा करायला आत गेल्या.

बाईंनी माफी मागितली. मामांनी हात हलवून ती बाजूला सारली. काम होतं तुमचं, म्हणाले, आणि चांगलं केलंत. ते ऊन छान आहे. मी वीस दिवस रोज बघितलं ते ऊन.

मग बाईंनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. की मला ती अजून दिसते. पुरी दिसते. आधी सोळा वर्षं दिसली नाही, तुम्ही दाखवलीत, मी पुसली, आणि आता ती जात नाही. मला माहीत आहे की तिथे काही नाही. माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नाही.

मामा खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"मला नाही दिसत, बाई," ते म्हणाले. "मी खूप बघितलं. मला नुसतं दार दिसतं."

आयुष्यात कुणाचं काही घेतल्यासारखं बाईंना कधी वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं. आणि परत कसं द्यायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी मामांना म्हटलं, एकदा या, माझ्याबरोबर उभे राहा, मी सांगते तसं बघा. मामा येतो म्हणाले.

ते खरंच आले, दोन महिन्यांनी, मामींना घेऊन. दालनात गर्दी नव्हती. बाई त्यांच्या शेजारी बारा पावलांवर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात सांगत गेल्या, जसं मामांनी एकदा सांगितलं होतं तसं. मामांनी मनापासून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. मग नाही म्हणून मान हलवली, मामींचा हात धरला आणि त्यांना नाणी दाखवायला घेऊन गेले. नाण्यांच्या दालनातून त्यांचा आवाज येत होता. ते कुठल्याशा राजाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मामी हसत होत्या. बाई एकट्याच तिथे राहिल्या, आणि दारात ती.

बाई अजून तेच काम करतात. एक बदल मात्र त्यांनी केला. कुठलंही चित्र पुसायला घेण्याआधी त्या त्या दालनातल्या पहारेकऱ्याला वर बोलावतात, चहा देतात आणि विचारतात की तुला यात काय दिसतं. तो सांगेल ते लिहून घेतात. संचालक म्हणाले की नोंदीच्या कागदात यासाठी रकाना नाही, म्हणून त्या पाठच्या बाजूला लिहितात. मग पुसायला घेतात. पुसायचं ते पुसतातच.

परवा एका नव्या मुलीला बोलावलं होतं, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. तिने समुद्राच्या त्या मोठ्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं, बाईंना बरं वाटावं म्हणून आणखी थोडं पाहिलं, आणि म्हणाली, पाणी आहे, आभाळ आहे, बाकी काही नाही. बाईंनी तसं लिहिलं. मुलगी गेल्यावर काडीला कापूस गुंडाळला, द्रावणात बुडवला, निथळवला. चित्राजवळ नेला. मग तो तसाच बशीत ठेवून त्या उठल्या आणि दाराशी जाऊन स्वतः बघत राहिल्या. कापूस वाळून गेला तेव्हा त्यांनी दुसरा गुंडाळला.